दोनच रकाने

अप्पा बळवंत चौकात, दुसऱ्या मजल्यावर,
गाइडांच्या गठ्ठ्यांमागे माझं मशीन.
केदारीबाईंनी एकवीस कागद आणून दिले, हातानं लिहिलेले.
म्हणाल्या, दोनच रकाने. शब्द, आणि इंग्रजी अर्थ.
ओमाहा-पोंका. तिकडचे लोक, अमेरिकेतले.
बोलणारे आता फार थोडे.
स्पेलिंगला हात लावू नका, सुगंधाताई.

नाकातून जाणाऱ्या स्वरासाठी
अक्षरांच्या डोक्यावर बारका एन बसवलाय.
दर वेळी तो उचलून वर ठेवायचा.
आपल्याकडे एका टिंबात भागतं.

नी: पाणी.
बरं. नीर आठवलं, पुढे गेले.
मग आला मी.
मी म्हणजे सूर्य.
बोटं थांबली.
ती: घर.
ते: त्यांच्या माळावरचा केसाळ गवा.
ही: दात.

पंचवीस वर्षं लोकांच्या प्रबंधांतली
सर्वनामं जुळवतेय,
तो का ती, ते का त्या, समासात लाल खुणा.
नामाऐवजी येतं ते सर्वनाम, पाचवीत पाठ केलेलं.
इथं कुणी कुणाऐवजी आलं नव्हतं.
सगळे स्वतःच आले होते,
पाणी, घर, दात.

मराठी रकाना कुणी मागितला नव्हता.
तरी बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून पाहिलं:
मी अजून डोक्यावर आहे.
ही तीन दिवस ठणकतेय, डॉक्टर म्हणाले काढून टाका.
ती भाड्याची.

हसले. मग नाही हसले.
हे वाक्य माझ्याबद्दल एकदा
जिन्यात कुणी बोललं होतं,
घर या अर्थानं नव्हे.
खोडरबर शोधलं, सापडलं नाही.
राहू दे म्हटलं. अकरा महिन्यांचा करार आहे,
गच्चीकडची भिंत ओलावते, पण दुपारी ऊन येतं.
ती भाड्याची. खरंच आहे की.

चारला रमजू खालून चहा घेऊन आला.
यादीत तेव्हा कॉफी चालू होती: मकांसाबे.
बाजूला बाईंचं बारीक अक्षर,
फोड केली तर काळं औषध.
रमजूच्या किटलीवर लिहिलंय अमृततुल्य.
दोघांत जास्त आजारी कोण होतं, कोण जाणे.

शेवटच्या पानावर दोन शब्द उरले.
पुरुष बोलला तर वाक्याच्या टोकाला हा,
बाई बोलली तर हे.
इंग्रजी रकान्यात नुसती रेघ.
मी ती रेघ होती तशी ठेवली,
फक्त जरा लांब झाली हातून.

एकवीस पानं, बावीस रुपयांनी, चारशे बासष्ट.
बाई उद्या नेणार.
बाजीराव रोडवर दिवे लागले.
मी मावळला होता.
मी कुलूप लावत होते.
जिन्यात शेजारच्या दुकानातल्या कवडेंनी विचारलं, निघालात?
म्हटलं, हो,
तीकडे निघाले,
हे.