टोमॅटो गोड झाले त्या वर्षी

रेक्याविकपासून तासाभरावर, जिथं जमीनच चूल आहे
आणि डिसेंबरात सूर्य साडेअकराला येऊन
पाहुण्यासारखा टेकतो न टेकतो तोच निघतो,
तिथल्या काचघरात रान्वेगनं बावीस वर्षं टोमॅटो वाढवले.

मग ह्लीनुर आला, विद्यापीठातून ताजा,
हात सारखे शिवशिवणारे.
पिवळे दिवे काढून त्यानं जांभळे लावले.
खत बदललं. पाणी दोन अंश कोमट केलं.
बीसुद्धा नवं, हॉलंडहून आलेलं.
फेब्रुवारीत फळं अशी लगडली
की चाखणारा वाक्य अर्धं सोडून गप्प बसायचा.

केक आला, फोटो निघाले.
रान्वेग तेवढी तराजूपाशी उभी.
"कशामुळे?"
"सगळ्यामुळेच की," ह्लीनुर म्हणाला, तोंडात केक.
"सगळं म्हणजे घोळका रे," ती म्हणाली.
"त्यात ओझं कुणी उचललं
आणि कुणी नुसताच हात लावून चालला,
कसं सांगायचं?
खत मारत असेल आणि बी तारत असेल.
आभार कुणाचे मानू?
आणि पुढच्या वर्षी बिनसलं तर कान कुणाचा धरू?"
मार्चमध्ये दिव्यांचं बिल आलं.
तेव्हा ह्लीनुरही तराजूपाशी येऊन उभा राहिला.

पुढच्या हिवाळ्यात सगळं जुनं परत आलं:
जुनं बी, जुनं खत, जुनं पाणी.
बारा बाकं. सहांवर जांभळा उजेड,
आणि त्यांच्या पायांना लाल लोकरीचा धागा.
बाकी झारी तीच, हात तोच, वेळ तीच.
कुठलं बाक कुठं, हे टोपीतल्या चिठ्ठ्यांनी ठरवलं,
कारण दाराजवळच्या बाकाला वारा लागतो
आणि वाऱ्याला कुणी प्रयोगात बोलावलेलं नव्हतं.

ह्लीनुर कंटाळला. साहजिकच होतं.
एका हिवाळ्याला एकच प्रश्न,
तोही उत्तर देताना आढेवेढे घेणारा.
"आणि दोघं मिळून काही करत असतील तर? दिवे आणि खत?"
"तेही बघू. आधी एकेकट्याची ओळख होऊ दे."

एका रात्री बाहेर बर्फ आडवं उडत होतं,
आत काचेवरून थेंब ओघळत होते,
तेव्हा त्यानं विचारलं, एवढा हट्ट कशासाठी?

ती झारी खाली न ठेवताच बोलली.
"थॉर्गिल्स गेला, अकरा वर्षं झाली.
चार महिने डोळ्याला डोळा नव्हता.
मग एका आठवड्यात मी
सेल्फोसचं घर विकलं, केस कापले,
कॉफी सोडली, कुत्र्याचं पिल्लू आणलं
आणि रोज पहाटे गरम कुंडात पोहायला जाऊ लागले.
वसंतात झोप आली. अगदी लहान मुलासारखी.
आता कुत्रा म्हातारा झालाय,
जिना चढताना मध्येच थांबतो, माझ्याकडे बघतो.
आणि मला माहीत नाही, ह्लीनुर,
माझी झोप त्याच्यापाशी आहे
की पाण्यापाशी,
की नुसते दिवस गेले म्हणून आली.
तेव्हा मोजायचं भान नव्हतं.
बुडणारा फळी निवडत बसत नाही."

तो काहीच बोलला नाही.
सातव्या बाकाचा सुटलेला धागा त्यानं पुन्हा बांधला.

"उद्या कॉफी घेऊन बघते म्हणते," ती म्हणाली,
"संध्याकाळी एक कप. फक्त कॉफी.
कुत्रा, पाणी, घर, सगळं जागच्या जागी."

परवाच्या सकाळी ती आली, कोटावर बर्फ,
मागं कुत्रा, त्याच्या मिशांवर बर्फ.
ह्लीनुर दारातच उभा.
"लागली झोप?"

रान्वेगनं हातमोजे काढले,
वही उघडली, तारीख लिहिली,
आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,
"एका रात्रीवरून काय सांगू?"