लटारूच्या घड्याळात

वेचणी संपली तरी पऱ्हाटीत थोडा कापूस उरतो,
वाळल्या बोंडाच्या कोपऱ्यात अडकलेला,
पिवळट, पानांचा चुरा चिकटलेला.
त्याला आम्ही कवडी म्हणायचो.
आमचं चलन तेच.

फ्रॉकच्या घोळात कवडी घेऊन
मी आणि पंचफुला धुऱ्याधुऱ्याने पळायचो
टाळ्या ऐकू आल्या की.
टाळ्या वाजवायची लटारूची बाहुली,
बांबूच्या शेंड्यावर, कापडाची, एका डोळ्याची.
दोरी त्याच्या पायाच्या अंगठ्याला,
अंगठा हलला की तिच्या हातातल्या पत्र्याच्या चकत्या वाजत.
तिच्याखाली गुंडाळलेली मिठाई, मांडीएवढी जाड,
गुलाबी, मधून एक पांढरी नस,
वरून मेणकापड, धुळीसाठी.
धूळ तरी यायचीच.
दाताखाली कचकचायची ती साखर
की सावळीचा रस्ता,
आम्ही कधी विचारलं नाही.

तागडी नव्हती त्याच्याकडे.
कापूस तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचा,
"सरकीच जास्त हाय व हिच्यात,"
म्हणायचा, आणि तरी तेवढंच द्यायचा.

"काय करू? मोर, इच्चू, का घड्याळ?"
मोराची मान घरी पोचेपर्यंत मोडते.
इच्चू पोट्ट्यांसाठी.
आम्ही हात पुढे करायचो, डावा,
कारण मोठ्या गुरुजींचं डाव्या हातात असायचं.
थुंकी लावलेल्या बोटांनी तो तार ओढायचा
(थुंकीच, हो, आणि आम्ही अजून जिवंत आहोत),
पट्टा मनगटाभोवती, त्यावर चपटी चकती,
आणि पांढऱ्या नसेतून काढलेले दोन काटे.

दोन्ही एकावर एक.
नेहमी. सगळ्यांच्या.
लटारूच्या घड्याळात कायम बारा वाजलेले.

"पोरीचे बारा वाजवले यानं," माय म्हणायची
चिकट मनगट राखेनं घासताना.
आम्हाला बारा म्हणजे मधली सुट्टी.

मी माझं घड्याळ हापशीपर्यंतच संपवायची,
आधी पट्टा, मग चकती,
काटे शेवटी, जिभेच्या टोकावर.
पंचफुला खायची नाही.
दिवेलागणीला कुणी विचारलं तरी
हात वर करून ऐटीत सांगायची, "बारा."
एका रात्री तसंच घालून झोपली.
पहाटे मनगटावर लाल मुंग्यांचा पट्टा,
अगदी त्याच रुंदीचा.
दोन दिवस हात सुजला,
शाळेत कुणाला दाखवायचं बाकी ठेवलं नाही तिनं.
मुंग्यांचा राग नव्हता.
"त्यायले बी टाइम पाह्यचा होता," म्हणाली.

परवा पांढरकवड्याच्या स्टँडवर
बाकाच्या टोकाला एक म्हातारा,
मांडीवर औषधांची पिशवी.
ओळखला तो अंगठ्यावरून.
चपलेतून बाहेर आलेला, आणि हलत होता,
वर कुठे काही बांधलेलं नसताना.
त्यानं मला ओळखलं नाही. का ओळखावं,
किती गावांची किती मनगटं.
"किती वाजले व बाई?"

माझ्या हातात घड्याळ, सेकंदकाट्याचं,
मुलीनं पहिल्या पगारातून घेतलेलं.
सव्वाचार झाले होते.
सावली बाकाखालून निघून
रसवंतीच्या दारापर्यंत गेली होती.
"बारा," मी म्हटलं.

तो हसला नाही.
सावलीकडे पाहिलं,
मग माझ्या मनगटाकडे, जरा जास्त वेळ.
"मंग हाय येळ," म्हणाला,
आणि पिशवी पोटाशी धरून डोळे मिटले,
जसे कापूस तोलताना मिटायचा.

तेवढ्यात मारेगावची गाडी लागली.
खिडकीची जागा मिळाली.
कुणी बघत नाही असं बघून
मी मनगट जिभेला लावलं.

खारट.
थोडं पट्ट्याच्या कातड्याचं.