नांगर वळतो तिथे

नोटरीनं कागद वाचला तेव्हा
बाहेर मार्चचा बोचरा वारा.
चार हेक्टर उतार, एक झरा, चेस्टनटची सत्तावीस झाडं,
आणि वरच्या बांधाला, दोन सुरूंच्या मध्ये,
कबरी. संख्या अज्ञात.
विकणाऱ्याच्या वारसांना तिथवर जाण्याचा हक्क कायम.

वारस कुठले? मीच शेवटची.

घेणारा ओगुस्तँ वेसेर, पलीकडच्या खोऱ्यातला,
चर्चच्या घंटेखाली वाढलेला.
"संख्या अज्ञात म्हणजे?"
म्हटलं, आजोबा तीन म्हणायचे, ज्युडित आत्या पाच.
दगड ठेवायची सोय नव्हती,
राजाच्या माणसांना दगड वाचता येत.
गावच्या दफनभूमीत आमच्या मेलेल्यांना जागा नाही,
म्हणून रात्री, कंदील झाकून, आपल्याच वावरात
पुरलं, आणि वर जव पेरले.
त्या वर्षी तेवढ्याच तुकड्यात
जव हातभर उंच आले म्हणे.
सुरू नंतरचे. भीती सरल्यावरचे.

बायबल चेस्टनट वाळवायच्या खोपटात,
फळ्यांच्या खाली.
अजून उघडलं की धुराचा वास येतो,
स्तोत्रांच्या पानांना जास्त.
ती आम्ही दबक्या आवाजात म्हणायचो.
आम्ही म्हणजे मी नव्हे,
माझ्या पणजीची पणजी, शेळीच्या पोटाला कपाळ टेकून,
दुधाच्या धारेआड.
भीती गेली त्याला दोनशे वर्षं झाली,
आमच्या घरात अजून कुणाला मोठ्यानं गाता येत नाही.
रविवारी प्रार्थनेला आम्ही सातजण,
वरच्या पट्टीत एकट्या पास्टरबाई.

ओगुस्तँनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"आमच्या माळ्यावर," म्हणाला, "शिपायाचं एक खोगीर आहे.
कुठून आलं, कुणी विचारत नाही."
एवढंच. मग सही केली,
पेन उमटेना म्हणून दोनदा.

ऑक्टोबरात मी वरून पाहिलं.
ट्रॅक्टर सरळ येतो, सुरूंपाशी मंदावतो,
वळसा घेतो,
कागदात लिहिलाय त्याहून बराच मोठा.
पाच काय, बारा माणसं मावतील.

काठी टेकत खाली गेले,
सांगायला, की बाबा रे, एवढी जमीन वाया नको घालवू.
इंजिन चालू होतं. त्याला काही ऐकू गेलं नाही.
त्यानं नुसता हात वर केला
आणि पुढचा तास धरला.