एकच गाव असल्याबद्दल

जन्मदाखल्यावर बेळगांव,
दहावीच्या मार्कलिस्टात बेलगाम,
पासपोर्टावर बेळगावी.
कोर्टासमोरचा नोटरी म्हणाला, ही तिन्ही गावं एकच,
असं शपथेवर लिहून दे.
दिलं.
गावाच्या नावापायी आजोबा हिंडलग्याच्या जेलात
एकवीस दिवस होते.
माझं एकशे ऐंशी रुपयांत भागलं.

आता टेबलावर दोन अर्ज.
एक विद्यार्थिनीचा: दोन वर्षं मास्टर्स,
वर्षाचा खर्च आधीच त्यांच्या बँकेत कुलपात,
त्यासाठी देसूरची दीड एकर सोसायटीकडे.
नोकरी मग शोधायची, मुदत संपायच्या आत.
दुसरा शिकाऊ कामगाराचा: तीन वर्षं,
पगार पहिल्या महिन्यापासून,
अंगात निळा डगला.

तिसऱ्या गेटजवळच्या बेकरीवर एजंटचं ऑफिस.
तो हसला, "इंजिनिअर होऊन परत हेल्पर?"
त्याचं कमिशन पहिल्या अर्जावर जास्त आहे,
हे त्यानं सांगितलं नाही, भिंतीवरच्या
कॅनडाच्या फोटोनं सांगितलं.

जमिनीची पहाणी कन्नडमध्ये.
ती मला गोकाकच्या ईरण्णानं वाचून दाखवली.
त्याच्या बदल्यात मी त्याला जर्मनचं लिंग शिकवते.
"टेबलाला कसलं लिंग?" तो वैतागतो,
त्याच्या भाषेत टेबल नुसतं टेबल असतं.
मला सोपं जातं, तो-ती-ते घरचंच.
खरं तिथंही सगळं जुळत नाही:
तिकडं सूर्य बाई आहे,
आणि मुलगी नपुंसकलिंगी.

रात्री उद्यमबागेतून बाबा आले,
बोटांच्या पेरांत कुलंटचा वास.
दोन्ही अर्ज त्यांनी लांब धरून बघितले,
चष्मा कारखान्यात राहिला होता.
"कागदातलं मला कळत नाही," म्हणाले,
"खरं पहिला कट हलका घे.
जास्त उतरलेलं लोखंड
परत चिकटवता येत नाही."

मग शेजारच्या भरमाण्णाकाकाला
दारातूनच ओरडून सांगितलं,
"आमचं पोरगं जर्मनीला जाऊलालंय!"

आमचं. पोरगं. जाऊलालंय.
बाबांचं व्याकरण आधीच तिथं पोचलेलं.

मी पेनाचं टोपण काढलं.
निळ्या डगल्याचा अर्ज जवळ ओढला.
मातृभाषा: रकाना एकच, अक्षरं बारा.
जन्मस्थळ:
इथं मात्र थांबले,
आणि सोबत जोडलेली कागदपत्रं या रकान्यात
नोटरीचा कागद
पहिल्या नंबरावर लिहिला.