चौकशी

तार्तूच्या इस्पितळाखाली, जिथे खिडकी नाही,
तिथे आमचं धुलाईघर.
जानेवारीत सूर्य नवाला उगवतो म्हणतात.
आम्ही सहाला खाली उतरतो, चारला वर येतो,
दिवसभर तो होता की नव्हता
हे बर्फावरून ओळखायचं.

दिवसाला दोन टन.
चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे.
भिंतीवर फळा, फळ्यावर किलो,
किलोंसमोर आमची नावं.
उर्मास रोज निघताना खडूने
एकीच्या नावाभोवती गोल काढायचा.
गोल शाबासकीचा नसायचा.

अठरा वर्षं मी लेलोसमोर उभी राहून घड्या घातल्या.
दोन कोपरे तिचे, दोन माझे,
पुढे यायचं, मागे जायचं.
इतक्यांदा जवळ येऊनही
तिच्या मुलाचं नाव मला ठाऊक नव्हतं.
बोलण्यात सेकंद जातात, उर्मास म्हणायचा.
खोटं नव्हतं. जातातच.

एकदा चादरीत सुई निघाली, उघडी,
आइगीच्या तळव्यात अर्धी शिरली.
तिने लाल बटण दाबलं. रोलर थांबले.
उर्मास धावत आला: "कुणी थांबवलं?"
मग चौकशी. तीन कागद, दोन सह्या,
आणि आइगीच्या पगारातून अकरा मिनिटं वजा.
त्यानंतर कुणाला सुई सापडली नाही.
म्हणजे, सापडायच्या.
आम्ही खिशात टाकायचो.

उर्मास निवृत्त झाला. क्यूल्ली आली
तेव्हा आम्ही मान वर करून पाहिलंही नाही.
तिच्यासोबत वरून एक फलक आला होता,
'आपण सारे एक कुटुंब', चकचकीत, चौकटीसकट.
तिने तो तीन नंबरच्या ड्रायरमागे सरकवला,
जिथून गार वारा यायचा.
नेमका बसला.

पहिला आठवडा ती नुसत्या घड्या घालत होती.
वाईट घालायची. कोपरे जुळेनात.
तिसऱ्या दिवशी लेलोने तिचं मनगट धरून
अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं,
आणि साहेबाचं मनगट धरलं म्हणून
स्वतःच दचकली.

गुरुवारी माझ्या बोटात सुई गेली.
खिसा जवळ होता, बटण लांब.
का कोण जाणे, मी बटणापर्यंत गेले.
दोन टनांची शांतता.
मी मनात उत्तरं जुळवत उभी.
क्यूल्ली आली. म्हणाली, "हात बघू."
रक्त पुसलं, पट्टी लावली, मग विचारलं,
"अशा किती?"

मी खिसा रिकामा केला. आइगीने केला.
लेलोने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला.
झाकण लागत नव्हतं.

तो डबा घेऊन ती चौथ्या मजल्यावर गेली, एकटी,
आणि परतली ती एका नर्सला घेऊन.
अठरा वर्षांत वरून कुणी खाली आलं नव्हतं.
हेल्वे तिचं नाव. सुयांबद्दल माफी मागायला आलेली,
दारातच थबकली: "किती ऊब आहे इथे."
मग जरा लाजत,
"रात्रपाळीत आमची भांडणं होतात त्या चादरींवरून,
कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची गाठ असते, त्या.
धुऊन धुऊन मऊ झालेल्या.
ज्यांची कातडी नुसत्या स्पर्शाने सोलते
त्या म्हाताऱ्यांसाठी लपवून ठेवतो आम्ही.
ती गाठ मारतं कोण?"

लेलोने हातातला कोपरा तपासला,
बराच वेळ.
त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

पगार तेवढाच आहे. गुडघे तेच.
फळाही आहे, किलोही आहेत, नावं पुसली.
शेजारी वरून आलेली चिठ्ठी असते कधी:
'सातव्या खाटेला निळ्या गाठीची हवी. भाजली आहे.'
दुसऱ्या दिवशी, त्याच अक्षरात:
'झोपली.'

घडी बसायला वेळ लागतो.
सुई दिसली की माझा हात अजून
आधी खिशाकडे वळतो.

पूर्वी इथे चौकशी व्हायची.
आताही होते.
आइगीच्या तळव्याची, माझ्या गुडघ्यांची,
लेलोच्या तानेलची, जो नार्वाला असतो
आणि फोन करत नाही.
दोन कोपरे तिचे, दोन माझे.
पुढे आलं, की विचारायचं.