आठ मिनिटं

जुनी गेली ती अशी:
पांढऱ्या चौकोनावर तांबूस थुंकली.
आमच्या विहिरीच्या पाण्यातच लोह,
एकोणीस वर्षं ती ते मुकाट पीत होती,
मंगळवारी ओकली.
नेमकी ताऱ्याच्या मध्यावर,
जिथं आठ तुकडे टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत भेटतात.
लिंबू चोळलं, मीठ चोळलं. डाग हलेना.
म्युरिएल म्हणाली, वरून एखादं पान शिवून टाक.
ताऱ्याला पान?
म्हटलं, म्युरिएल, तू चहा पी.

म्हणून आज ब्रिजवॉटरला,
ला हाव नदीच्या कडा गोठायला लागल्यात,
डेल्बर्ट झिंकच्या दुकानात मी,
पिशवीत तो डागाळलेला चौकोन, साक्षीला आणल्यासारखा.

फळीवर सात इस्त्र्या, नाकं वर करून.
डेल्बर्ट वॉट सांगतो, वाफेची भोकं सांगतो,
तीनशे हिला, चारशे हिला.
मी भोकं मोजत नाही, मनगटाला विचारते.
हलकी नको, हलकीला आपण दाबावं लागतं.
जड असली की आपली आपण बसते,
जेवणानंतर लॉर्न बसायचा तशी.

कारण गोधडीवर इस्त्री फिरवायची नसते, डेल्बर्ट.
फिरवली की तिरप्या कापडाला पाय फुटतात,
आणि पाव इंचाची शिवण
पार कोपऱ्यापर्यंत जाऊन चुगली करते.
ठेवायची. थांबायचं. उचलायची.
माझी आई चुलीवर दोन लोखंडं आळीपाळीनं तापवायची,
ओल्या बोटानं ताप बघायची:
चुर्र झालं तर सूत, नुसतं चुप् झालं तर लोकर.
तिला भोकं नव्हती. तिच्या सुरकुत्या जायच्या.

‘ही घे,’ तो म्हणतो, ‘आपोआप बंद होते.
आठ मिनिटं हात लागला नाही की झोपते.’

आमच्या शिवणमंडळात एकाच गोष्टीवर एकमत आहे
(रंगांवर नाही, नव्या पाद्रीबाईंवर तर नाहीच):
आपोआप बंद होणारी नको.
मशीनवर बारा जोड्या शिवून उठावं
तर ही गार.
मग तापेपर्यंत उभं राहा,
कुणी दार उघडेना तसं.
हे मीच बोलले होते, मोठ्यानं,
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. टाळ्या पडल्या होत्या.

गोधडी त्यांच्याच सोडतीसाठी आहे.
तिकीट दोन डॉलर. त्यातून नवी नळी घ्यायची आहे.

मार्चमधली ती रात्र मात्र कुणाला ठाऊक नाही.
चर्चच्या तळघरात खारा मासा नि बटाटे खाऊन,
पत्त्यांत चक्क जिंकून
साडेनऊला घरी आले, तर दारातच वास.
करपलेल्या सुताचा.
इस्त्री पालथी. साडेचार तास.
फळीवर होडीएवढं नव्हे, पण होडीसारखं काळं,
टोक खिडकीच्या पडद्याकडे.
खिडक्या उघडल्या. बसले नाही, उभीच होते.
दुसऱ्या दिवशी फळीला कापड चढवलं,
दोनपदरी, फुलाफुलांचं.
म्युरिएल म्हणाली, अगं, किती गोड!

डेल्बर्ट वाट पाहतोय.
तोही त्याच दलात, पेजर कमरेला,
गल्ल्यामागं खुंटीवर शिरस्त्राण.
‘हीच बांध,’ मी म्हणते, ‘हिचं वजन बरं आहे.’
तो पावती फाडतो.
‘हिला विहिरीचं पाणी नको, ओर्फा,’
एवढंच म्हणतो,
आणि दार माझ्यासाठी जरा जास्तच वेळ धरून ठेवतो.

रात्री तारा उसवला, डागाचं टोक काढलं,
नवं कापून बसवते आहे
तर पाठीमागं टीं, टीं, टीं.
मेली, म्हटलं. उठले.
मुठीला नुसता धक्का दिला,
टीव्हीपुढं पेंगणाऱ्या लॉर्नच्या खांद्याला द्यायचे तेवढाच.
दिवा लागला.

गुरुवारी मंडळात विचारतीलच, कुठली घेतलीस?
सांगेन, जड.