आडवं आलेलं कुत्रं

तीन उड्या. काळे ठसे अजून आहेत
लातूरच्या धावपट्टीवर, जाऊन मोजा.
पहिली लहान होती,
खडीवरून सायकल उडते तेवढी.
तेव्हाच थ्रॉटल पूर्ण आत, पुन्हा वर,
एक फेरी मारून परत यायचं.
वहीत आहे हे. माझंच अक्षर, लाल शाई.

मी नाक खाली दाबलं.
जमीन हवी होती मला, आत्ता, लगेच.
म्हणून दुसरी उडी उंच गेली
आणि तिसरीला पुढचं चाक दुमडलं,
बैल पुढचे गुडघे टेकतो तसं,
फक्त बैल सावकाश बसतो.
प्रोपेलरची दोन्ही पाती डांबर खात वळली.

इंधन बंद. मॅग्नेटो बंद. मास्टर बंद.
हात आपले आपण करत होते.
कुंपणापलीकडे सोयाबीनचं मळणीयंत्र थांबलं.
खय्यूमभाई लाल गाडी घेऊन आले, फेसाचा पाइप धरून,
आग नव्हती,
मग त्यांनी खिशातली बडीशेप दिली.

कौल सर एवढंच म्हणाले, ‘वारा कुठून होता?’
मी बरोबर सांगितलं.
सगळं बरोबर सांगता येत होतं मला.

अण्णा निलंगा डेपोतून आले, खाकीतच,
छातीवर पितळी बिल्ला:
पंचवीस वर्षं, विनाअपघात.
आधी विमानाभोवती फिरले, टायरला टाच मारली,
उकिडवे बसून ठशावर बोट फिरवलं.
मग सरांना ऐकू जाणार नाही असं,
‘कुत्रं आडवं आलं का गं?’

एसटीच्या प्रत्येक रिपोर्टात एक कुत्रं असतं.
पिवळं, लांडं,
कुणी कधी न पाहिलेलं.
आमच्या घरी जेवताना त्याच्यावर हसणं व्हायचं.
आज अण्णांनी ते कानाला धरून
माझ्यासाठी आणलं होतं.
कुंपणही पडकंच आहे. कुणी विचारलं नसतं.

‘नाही अण्णा. पट्टी मोकळी होती. मीच.’

त्यांनी बिल्ल्यावरची धूळ पुसली,
नसलेलीही पुसली.
‘कितव्या उडीला कळलं?’
‘पहिल्याच.’

ते उठले, गुडघे झटकले.
पाचच्या गाडीला माणसं खोळंबली असतील, म्हणाले,
आणि फाटकापर्यंत
हळूहळू, एका कडेनं चालत गेले,
मागून काही येत असल्यासारखे.